माझा ठोसा की आईचे रोडगे

अमरावती,
पोळ्यानंतरचा सोमवार

अकोल्याच्या जुन्या शहराचे भूषण आणि माझ्या उजव्या हाताचे जुने परिचित मोतीरामभाऊ यांना खुशालरावाचा जय भीम, आणि त्यावर आमच्याकडचा एक राम राम. चतुरावहिनींच्या गुडघ्यांना उतार पडला असावा. तुझ्या कानांचं काय? (डावा माझ्या ठोशानं गेला असं तू सांगतोस आणि उजवा वहिनींच्या बोलण्यानं, असंही सांगतोस. दोन्ही खरं असेल तर फोन कशानं ऐकतोस ते कळव.) फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर 'हलो' झालं की तू थेट रोडग्यांवर येतोस आणि माझं म्हणणं राहून जातं.

तर झालं असं की, इथल्या चार भल्या माणसांना माझा सत्कार करायची बुद्धी झाली. चाळीस वर्षांपूर्वी मी वऱ्हाडचा हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन होतो हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. (मीच कळवलं असं माणिकबाई म्हणते. बायकोचं म्हणणं आहे, म्हणून कंसात टाकलं.) समितीचे अध्यक्ष वामनराव. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. नमस्कार केला तरी पुरावा मागणारा माणूस. ते म्हणाले, नुसतं शाल-नारळ देणं मागासलेपणाचं आहे, आधी परिसंवाद पाहिजे. विषय त्यांनीच काढला: 'खुशालरावांचे प्रतिस्पर्धी: एक पुनर्विचार'. चॅम्पियन किती मोठा हे त्यानं कोणाला हरवलं त्यावरून ठरतं, असं त्यांचं मत. सत्काराच्या आनंदात मी पोळ्याच्या बैलासारखी मान हलवली. झूल चढलेल्या बैलाला पुढचं थोडंच दिसतं.

परिसंवादाला हॉल भरला होता. (नंतर खायला सांबारवडी होती.) पहिल्या वक्त्यानं बार्शीटाकळीचे नत्थुजी काढले. मी त्यांना पहिल्याच राउंडमध्ये आडवं केलं होतं हे तुला माहीत आहे. या गृहस्थानं शोधून काढलं की नत्थुजी त्या स्पर्धेला बॉक्सर म्हणून आलेच नव्हते, संघाचे स्वयंपाकी म्हणून आले होते. हेवीवेटची जागा रिकामी पाहून मॅनेजरनं त्यांच्या हातातला झारा काढून घेतला आणि ग्लोव्हज चढवले. सभागृह हसलं. मीही हसलो, कारण व्यासपीठावर बसलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही. मग चांदूर रेल्वेचा सूर्यभान स्वतः उभा राहिला. मला वाटलं, आता तरी माझी लाज राहील. तर तो हात जोडून म्हणाला, मला रात्रीची पॅसेंजर गाठायची होती, तिसऱ्या राउंडपर्यंत थांबलो असतो तर गाडी चुकली असती, म्हणून दुसऱ्यात पडून घेतलं. मोतीराम, ती पॅसेंजर त्या दिवशी दोन तास लेट होती. स्टेशनवर त्याच्या सुजलेल्या जबड्याला बर्फ मीच धरला होता. पण हे सांगायला मला कोणी माईक दिला नाही. सत्कारमूर्तीनं शेवटी बोलायचं असतं म्हणे.

राहिलास तू. माझी सगळी अब्रू तुझ्या एकट्यावर टांगलेली. फायनलचा मोतीराम, विदर्भात ज्याच्या डाव्या हाताला लोक बिचकत, त्याला खुशालनं झोपवलं, हे कोणी नाकारू शकत नव्हतं. तेवढ्यात वामनरावांनी चष्मा सरळ केला आणि आपण अकोल्याला फोन लावल्याचं जाहीर केलं. तू फोनवर काय बोललास ते त्यांनी जसंच्या तसं वाचून दाखवलं: "मले खुशालनं नाही पाडलं जी. त्याच्या मायच्या रोडग्यानं पाडलं."

आता हे तुला शोभतं का? तेव्हा बाहेरगावचे खेळाडू गावातल्या घरोघरी उतरायचे आणि नेमका तू माझ्या वाट्याला आलास, ही आयोजकांची करणी. आईला, म्हणजे आमच्या पार्वताबाईला, उद्या आपली मारामारी आहे हे सांगून काही उपयोग नव्हता. घरी आलेला तो पाहुणा, एवढंच तिला कळायचं. तिनं अंगणात गवऱ्या पेटवल्या, कणकेचे रोडगे भाजले, फोडून त्यात तुपाची धार सोडली, वर वांग्याची भाजी. तू नको नको म्हणालास तसा तिचा आग्रह वाढला. "अकोल्याचं लेकरू उपाशी झोपलं तर मी कोणत्या तोंडानं जगू," म्हणाली. बाकीच्या वजनांची पोरं वजनकाट्याच्या भीतीनं पाणीसुद्धा मोजून पीत होती. आपल्या गटात वजनाला वरची मर्यादा नाही, म्हणून आपण दोघं मात्र एकाच परातीत जेवायला बसलो. होय, दोघं. तुझ्या मुलाखतीत हा शब्द नव्हता. मी तुझ्याबरोबर घासाला घास खाल्ला होता. दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये उतरलेले दोघंही अजगरासारखे जड होते, फक्त माझ्या पोटाला त्या रोडग्यांची लहानपणापासून सवय होती.

पुढे जे व्हायचं ते झालं. विजयाचं खरं श्रेय कोणाचं यावर मतदान घ्यावं अशी सूचना आली. पार्वताबाईंचा मरणोत्तर सत्कार करावा असा ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. शाल तीच ठेवायची, फक्त फोटोवर घालायची. (माणिकबाई खूश. सासूबाईंच्या रोडग्यांची कृती फक्त आपल्यालाच येते, असं ती येताजाता चौघांना सांगत होती.) मी खुर्चीत बसून राहिलो. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

घरी आलो तर नात अपेक्षा ओसरीवर बूट सोडत बसलेली. ती माझ्याच गटात खेळते, हेवीवेट. जिल्ह्याचं सुवर्णपदक तिचं, विभागाचंही तिचं. मी तिच्यापुढे वामनरावांना शिव्या दिल्या, सूर्यभानला दिल्या, तुला जरा जास्त दिल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "आबा, तुमच्याशी लढायले कोणीतरी येत तर होतं. माह्या वजनात कोणी येतच नाही."

तेव्हा मला आठवलं की या पोरीला मी एकदाही लढताना पाहिलेलं नाही. ती ग्लोव्हज घालून रिंगमध्ये चढते, समोरचा कोपरा रिकामा असतो, पंच तिचा हात वर करतात, ती खाली उतरते. दोन्ही पदकं खुंटीला लावली आहेत आणि त्यांच्यावर माणिकबाईची बाजाराची पिशवी. मी त्या पोरीपुढे माझ्या प्रतिस्पर्ध्यांचं रडगाणं गात होतो.

असो. पत्र लांबलं. घरच्या सर्वांना यथायोग्य सांग, आणि कानात तेल घालत जा, ऐकण्यासाठी नाही तर निदान दुखू नये म्हणून.

तुझा (म्हणजे तुझ्यावर उभा असलेला),
खुशालराव

ता. क. सत्कार पुढच्या महिन्यात आहे. तू यावंस आणि माईकवर एवढंच म्हणावंस की त्या रात्री तू बेतानंच जेवला होतास. गाडीभाडं माझं.

ता. क. पुन्हा. वरचं राहू दे. माईकवर तुला जे सांगायचं ते सांग, रोडग्यांनी पडलो म्हण नाहीतर पॅसेंजरनं. पण येताना नीलमला घेऊन ये. तुझी नात एक गट खाली खेळते आणि हेवीवेटला दोनच किलो कमी पडते, हे मला तूच सांगितलं होतंस. तिची मर्जी असेल तरच, आग्रह नाही. (आग्रह इथं आल्यावर होईल.) पंधरा दिवस आमच्याकडे राहू दे. दोन किलोची जबाबदारी माणिकबाईनं घेतली आहे. अपेक्षालाही त्याच परातीत बसवणार आहोत, म्हणजे कोणी हरलं तरी पुढे चाळीस वर्षं रोडग्यांना बोल लावता येणार नाही.

ता. क. शेवटचं. हे पत्र अपेक्षाला वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, "थे नीलम खरंच येईल काय, आबा?" मी हो म्हणून बसलो आहे, आणि माणिकबाईनं अंगणात गवऱ्या वाळत घातल्या आहेत.