आईच्या नावच्या सहा कुंड्या

प्रिय युत,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलं दिसतंय. अकरा वेळा लावला. कागद निदान फाडण्याआधी वाचला जातो, म्हणून लिहायला बसले. लांपांगला तुझ्या मित्राकडे आहेस एवढं कळलंय. नीट जेवतोस ना, हे अजूनही विचारावंसं वाटतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

महिनाभर मी त्या गांज्याच्या पानांमागे वेड्यासारखी लागले होते, हे तू रोज बघत होतास. फुलोरा ऐन भरात आणि पानांची टोकं खाली वळलेली, पान जाड, काळपट हिरवं, हाताला चामड्यासारखं. कडा वर वळून पानाची होडी झाली तर उष्णता, हे औषधी लागवडीच्या परवान्याच्या वेळी आपल्याला शिकवलं होतं. इथे सगळं उलटं, तरी मी दिवे वीतभर वर चढवले. मग वाटलं खत जास्त झालं, म्हणून आठवडाभर नुसतं पाणी दिलं. मग भिंग घेऊन एकेका पानाची मागची बाजू तपासली, मान अवघडेपर्यंत. रस शोषणारा एक कोळीकिडा सापडला नाही. तू शेजारी बॅटरी धरून उभा असायचास. "ताई, त्या कोपऱ्यातलं झाड राहिलं बघ," अशी आठवणसुद्धा करून द्यायचास. काय तो उत्साह तुझा!

शेवटी उरलं पाणी. मुळं पाण्यात गुदमरली तरी पानं अशीच खाली वळतात. आणि पाणी घालायच्या खामपुन मावशी. पानं छाटणाऱ्या दोघींच्या देखत मी त्यांना म्हणाले, "मावशी, वय झालं तुमचं, हात थांबत नाही आता." त्या म्हणाल्या, "अगं लमाई, मातीत बोट घातल्याशिवाय मी कधी थेंब तरी ओतलाय का? तुझ्या आईला विचार, तिच्या आंब्यांना वीस वर्षं पाणी घातलंय मी." मी गप्प बसले असते. खरंच बसले असते. पण तू मध्ये पडलास, हसत हसत. "जाऊ दे ना मावशी, घरी बसा, नातवंडं खेळवा!" त्यांनी एप्रन काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या. त्यांनी सगळ्यांसाठी आणलेली चिकट भाताची टोपली आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा तिथेच राहिला. दुपारी आपण तोच जेवलो. तू दोनदा वाढून घेतलास.

मावशी गेल्यावरही पानं सुधारली नाहीत. गेल्या बुधवारी दाराजवळच्या सहा कुंड्यांपाशी मी सहज थांबले. आईच्या नावच्या त्या सहा, तिच्या औषधासाठी वेगळ्या राखलेल्या. तोच दिवा, तेच खत, मावशींच्याच हातचं पाणी, आणि पानं कशी सपाट, मोकळी. आधी आनंदच झाला, म्हटलं आईचं नशीब. मग दोन्हीकडची झाडं जवळजवळ ठेवून पाहिली. आजारी झाडांची पेरं आखडलेली, फुलं सुपारीसारखी टणक, आणि नाकाशी धरलं तर वासच नाही. असं आखडलेलं झाड मी आधी कुठे पाहिलंय, ते तिथे उभ्या उभ्याच आठवलं. आंब्याला बाबा मोहोराचं, वाढ रोखणारं औषध ओतायचे ना बुंध्याशी, तेव्हा नंतरची पालवी अशीच खुजी यायची. औषध ओतल्या दिवशी बाबा आपल्याला झाडाखाली बसूसुद्धा द्यायचे नाहीत. आंबेवाल्याच्या मुलीला हे महिनाभर ओळखू आलं नाही, कारण माझ्या खोलीत कुणी असं करेल हे डोक्यातच आलं नाही.

ते औषध तू ओतलंस का, असं तुला विचारलं तेव्हा म्हणालास, "सगळेच घालतात ताई. फुलं कशी घट्ट आलीत बघ तरी!" आणि मोटारसायकल काढून निघून गेलास. आपली फुलं विहारातल्या रुग्णघराला जातात. तिथे ती आटवून तेल होतं, फुलात जे असेल ते सगळं त्या थेंबात उतरतं, आणि ते थेंब मरणाच्या दारातल्या माणसांच्या जिभेखाली जातात. कळलं नाही गं ताई, असं म्हणाला असतास तर मी मान्य केलं असतं. मूर्खपणा मी पोटात घातला असता. पण आईच्या तेवढ्या सहा कुंड्या तू सोडल्यास. ते विष आहे हे तुला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असताना तू बॅटरी धरलीस, ठाऊक असताना मावशींना घालवलंस. पाठीमागून कुणी ढकललं असतं तरी एवढं लागलं नसतं.

सगळी खोली मी उपटून टाकली. विहारात जाऊन भन्तेंना खरं काय ते सांगितलं. मग मावशींच्या घरी गेले, पायरीवर बसले, हात जोडले. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तू चुकलीस, पण खोटं नाही बोललीस. खोटं बोलला तो कुठाय?"

हे सगळं तुला शिव्या द्यायला लिहिलेलं नाही, त्या तुझ्यासमोर देईन. आईला मी काही सांगणार नव्हते, पण छाटणाऱ्या पोरींकडून तिला कळलंच. तेव्हापासून तिने औषधाचे थेंब बंद केलेत. गेल्या पिकातली, चांगल्या तेलाची अर्धी बाटली उशाशी आहे, ती हात लावत नाही. म्हणते, "विहारात झोपल्यात त्या कुणाच्या आया नाहीत का? युत आधी खामपुनच्या पायरीवर बसू दे, मग मी औषध घेईन." आज चौथा दिवस. कॅन्सर तिच्या हाडांत आहे, युत, तुला माहीत आहे. कळ आली की ती उशीचा कोपरा दातांत धरते. तुला कळवायचं नाही, तुझं तुलाच सुचलं पाहिजे, अशी तिने मला शपथ घातली आहे. ती शपथ मोडून मी हे लिहिते आहे.

अजून तरी तुझीच,
लमाई