पाचवा

प्रिय मिएन, माझी गुणाची पोर,

मुलगा झाला! तुझं पत्र आलं तेव्हा मी खंदकात होते, वर विमानं घिरट्या घालत होती. तरी तिथंच मोठ्यानं वाचलं. शेजारची ताम म्हणाली, "आजी, हळू! वरच्या मेल्याला ऐकू जाईल." म्हटलं, जाऊ दे, त्यालाही कळू दे मी पणजी झाले ते. रविवारी फेरीबोटीनं नदी ओलांडून बाळाला आणतेस हे वाचलं आणि जपून ठेवलेलं कोळंबीचं मडकंच उघडलं.

इथलं काय सांगू? हायफाँगचं तोंड बांधलं की साऱ्या देशाचं पोट रिकामं, हे शत्रूला बरं कळतं. मे महिन्यात अमेरिकन विमानांनी बंदराच्या तोंडाशी पाणसुरुंग टाकले, तेव्हापासून तांदूळ-तेल आणणारी जहाजं बाहेरच. आत अडकलेल्या परदेशी जहाजांवर खलाशी कपडे वाळत घालत बसलेत. मग नदीतही टाकले. लोखंडाची चाहूल लागली की फुटतात मेले, म्हणून लोखंडी फेरीबोट तीन आठवडे बांधून ठेवलेली.

नदीत टाकले त्या दुपारी बांधावर पहाऱ्याला मीच होते. आकड्यांचं आणि माझं कधी जमलं नाही; शाळा म्हणजे तीन महिन्यांचा साक्षरतेचा वर्ग. म्हणून सुरुंगांना लेकरांसारखी नावं दिली: थोरला, दुसरा, तिसरा. चौकीवर नोंद ठेवणाऱ्या तोआनभाऊंना हसत सांगितलं, "वडापासून घाटापर्यंत पसरलेत. पाचव्यावर पाळणा थांबला." तेही हसले नि लिहून घेतलं. परवा सगळे सुरुंग निघाले म्हणून घाटावर ढोल वाजला. मीही टाळ्या पिटल्या.

आणि काल तुझं पत्र. सासूबाई बाळाला 'दुसरा' म्हणतात म्हणे! मला वाटलं, पहिला कुठे लपवलास, गं? पुढे वाचलं, दक्षिणेकडे थोरल्याला 'दुसरा'च म्हणतात, भुतांची नजर पहिल्यावर पडू नये म्हणून. हसू तोंडातच राहिलं. तोआनभाऊ दक्षिणेचेच, मेकाँगकाठचे. तशीच अनवाणी धावले.

"भाऊ, वहीत किती लिहिलेत?"

"चार की! पाचवा म्हणजे चौथं लेकरू. तुम्हीच तर म्हणालात."

"अहो, आमच्याकडे पाचवा म्हणजे पाच!"

त्यांची चिलीम हातातच विझली.

सुरुंग काढणाऱ्यांनी आज सकाळपासून पुन्हा नदी धुंडाळली. काही सापडलं नाही. त्यांचा मुख्य म्हणतो, "आजी, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू. एकच उडालेलं पाणी दोनदा मोजलं असेल." तांदळाचे ट्रक घाटावर खोळंबलेत, एका म्हातारीच्या डोळ्यांसाठी बोट थांबत नाही. ती रविवारी सुटणार. म्हणून हे पत्र घाईघाईनं लाकडी होडीवाल्याच्या हाती देतेय. मिएन, त्या बोटीत पाय ठेवू नकोस. वरच्या अंगाच्या बांबूच्या पुलावरून ये, दीड दिवस जास्त लागला तरी चालेल. माझं चुकलं असेल तर बाळाला कडेवर घेऊन माझ्या तोंडावर हस, मला तेच हवंय. पण पाणी पाचदा उडालं, पोरी. रविवारी मी घाटावर उभी राहून चढणाऱ्या प्रत्येकाला सांगणार आहे. वेडी म्हणतील, म्हणोत. या काठावर मी सांगते, निघण्याआधी त्या काठावर तू सांग.

तुझीच आजी,
आणि आता पणजी