हातमोज्यातली हवा

अण्णा, तुम्ही ओट्यावर बसून चहा घेताय, आई चुलीपुढे भाकरी थापतेय, आणि पाणी भरून झाल्यावर मी तुमच्या लाइनमनच्या पिशवीतून रबरी हातमोजे काढलेत. ते काम माझं. मोजा हवेत फिरवून त्यात हवा धरायची, मनगटाकडून तो गुंडाळत आणायचा, आणि बोटं टम्म फुगली की एकेक बोट गालाशी धरायचं. कुठे भोक असलं तर गालाला वारा लागतो. एकदा नव्याकोऱ्या मोज्याच्या अंगठ्याशी असा वारा लागला. मी म्हटलं, "अण्णा, काल तर चांगला होता." तुम्ही तो बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "काल होता गं. तारेला हात आज लावायचाय." तुमच्या कपातला चहा बशीत सांडला. आई म्हणाली, "पोरीला शाळेत जाऊ द्या आता, का खांबावर चढवताय तिला?"

तुम्ही गेलात तेव्हा मी चंदीगडला आलेही नव्हते. ह्यांच्या एअर फोर्सच्या नोकरीमुळे आलो. मग हे गेले, आणि मी इथेच राहिले, कारण शाळेतली नोकरी हाताशी होती. शाळेतले कॉम्प्युटर, हजेरीचं मशीन, पालकांच्या मोबाइलवरचं अ‍ॅप आणि हे सगळं चालवणारी माणसं माझ्याकडे असतात. कॉलेजात यातलं काही शिकले नाही, पुस्तकं आणून वाचत गेले. तुमच्या खांबावर निदान कवटीची पाटी असायची. माझ्या कामाला पाटी नाही. इथे धक्का बसतो तो मला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी, आणि लांब कुठेतरी.

गेल्या वर्षी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. इथून जवळच पिंजौरला राहतात, तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगचं काम करतात. मुलगी आमच्या शाळेत आहे. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून त्या घर सोडून आल्या होत्या, त्याने जवळ येऊ नये असा कोर्टाचा कागदही सोबत होता. म्हणाल्या, "मॅडम जी, ॲप में से उनका नंबर निकाल दो. बस कहाँ रुकती है, उसमें सब दिखता है." माझ्या हाताखालच्या मुलीने माझ्यासमोर तो नंबर काढला. मी स्वतः तपासला. गेला होता.

एप्रिलमध्ये नवीन वर्ष सुरू होताना सगळ्या मुलांची नावं पुढच्या वर्गात सरकवावी लागतात. दर वर्षी करतो. यंदा ती प्रवेशाच्या वेळच्या मूळ माहितीवरून सरकवली गेली, आणि मध्ये काढलेले नंबर गुपचूप परत येऊन बसले. वर्ग बरोबर आहेत का, तुकड्या बरोबर आहेत का, एवढंच आम्ही पाहिलं. मोजा काल धड होता, म्हणून कुणी गालाशी धरला नाही.

बुधवारी त्या बाईंचा फोन आला. आवाज इतका हळू, की मला दार लावून घ्यावं लागलं. "मॅडम जी, उनका मैसेज आया है. पूछ रहे हैं, गुड़िया की बस आज लेट क्यों है."

अण्णा, फोन कानाशी तसाच धरून मी आधी तो नंबर काढला.

माझ्या हाताखालची मुलगी रडायला लागली. "मॅम, मैंने हटाया था, पक्का हटाया था." मी म्हटलं, "पता है बेटा, मेरे सामने हटाया था. अब मुँह धो, काम है." प्रिन्सिपल सरांनी पहिला प्रश्न विचारला, किसने किया. मी म्हटलं, विभाग माझा आहे, माझं नाव लिहा. ते म्हणाले, नंबर काढा आणि विषय संपवा. नंबर तर मी आधीच काढला होता. पण त्या माणसाने थांबा पाहिला होता, वेळ पाहिली होती. ते त्याच्या डोळ्यांतून कसं काढणार? आणि असे आणखी किती नंबर परत आले असतील? प्रत्येक नंबर तपासून होईपर्यंत बस दाखवणं सगळ्यांसाठीच बंद ठेवू या, असं मी म्हटलं. "पूरे स्कूल का? पेरेंट्स हमें खा जाएँगे, मैडम." मी म्हटलं, "खाने दीजिए, सर," आणि बंद केलं. दिवसभर फोन वाजत होते. एक पालक म्हणाले, ॲप चलाना नहीं आता तो रखा क्यों है. मी ऐकून घेतलं.

बाई पोलीस चौकीत जाऊन आल्या. पोलिसांनी लिहून घेतलं, बघू म्हणाले. बसवाल्यांनी सांगितलं, थांबा बदलून देतो, पण सोमवारपासून. मी बाईंना म्हटलं, तोवर मुलीला घरीच ठेवा. त्या म्हणाल्या, "घर थांब्याच्या समोरच आहे, मॅडम जी. मी कामावर गेले की ती एकटी." हे त्या हिंदीत बोलल्या, पण माझ्या मनात ते मराठीतच राहिलंय. भीतीचं मला मराठीतच कळतं बहुतेक.

घरी येऊन भात लावला आणि तो लागला. कुकरच्या शिट्टीने दचकले. ह्यांच्या फोटोपुढे दिवा लावताना काडी दोनदा विझली, आणि तेव्हा मला तुमची ती बशी आठवली. लहानपणी वाटायचं, चहा फार गरम असेल. अण्णा, तुमचा हात थरथरला होता ना? आणि तरी तुम्ही दुसरा मोजा मागून आणलात, आणि कामावर गेलात.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. ऑफिसात सगळ्यांना मी 'कुछ नहीं होगा' असं सांगत होते. मला ते माहीत नव्हतं. अजूनही नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसने पिंजौरला गेले आणि थांब्यावर त्या मायलेकींच्या शेजारी उभी राहिले. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर दोन-तीन माणसं होती. बाईंच्या नवऱ्याचा नंबर मला पाठ होता, चेहरा माहीत नव्हता. शाळेची बस आली. मुलीचा हात धरून मी आधी तिला चढवलं, मग मी चढले, आणि शाळेपर्यंत तिच्या शेजारी बसून आले.