माझ्याच सभेतून मला उचललं

गुरुजी,

गेल्या आठवड्यात मला माझ्याच पक्षाच्या सभेतून चौघांनी उचलून बाहेर काढलं. तुम्ही असतात तर आधी पोट धरून हसला असतात आणि मग काठी घेऊन त्या चौघांच्या मागे लागला असतात. तुम्ही नाही, म्हणून लिहितोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या शाळेची कौलं जाऊन वर पत्रा आला, आणि मी स्वतः आता दाढी पिकलेला माणूस आहे. आंब्याच्या पेट्या भरतो, पावसाळ्यात भात लावतो आणि निवडणूक आली की पक्षाचं काम करतो. ते काम मला कुणी लावलं नाही, माझं मी धरलं. पण सभेत उभं राहून बोलायचं तुम्ही शिकवलंत, त्यामुळे या सगळ्यात तुमचा हात आहेच.

सातवीतलं संमेलन आठवतंय ना? नाटुकल्यात एक गाऱ्हाणं होतं. देवळात मानकरी घालतो तसं, सगळ्या गावाच्या वतीनं देवापुढे मोठ्यानं मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय महाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. ते तुम्ही मला दिलंत. दुसऱ्या दिवशी गावातले दोघं शाळेच्या पडवीत येऊन बसले. "गुरुजी, मुसलमानाचा पोर गाराना घालनार? बरा दिसतंय काय ता?" मी वर्गात खिडकीखाली बसून ऐकतोय, कान तापलेत. तुम्ही पानाला चुना लावत म्हणालात, "अख्ख्या गावात ह्याच्याएवढा मोठा आवाज दुसऱ्या कुणाचा दाखवा, त्याला देतो. देवाला ऐकू जायला नको काय?" ते दोघं चहा पिऊन गेले. घरी मला वाटलं बाप ओरडेल, तर तो एवढंच म्हणाला, की गावाचं भलं मागतोस ना, मग माग, ऐकणारा एकच आहे. संमेलनात मी पहिली ओळ पुटपुटलो तेव्हा तुम्ही पडद्याआडून खेकसलात, "मेल्या, चोरासारखा काय बोलतोस? ताठ उभा राहा!" मी ताठ उभा राहिलो आणि सगळं पटांगण "व्हय महाराजा" म्हणालं. बक्षीस म्हणून तुम्ही फणसपोळीचा एक तुकडा दिलात, तोही अर्धा स्वतः खाऊन.

पुढे पक्षात आलो तर हाच आवाज कामी आला. आमच्या भागातली सभा गाऱ्हाण्याशिवाय सुरू व्हायची नाही. पुढारी व्यासपीठावर टेकले की मी लोकांतूनच उठायचो, जिथं बसलो असेन तिथून. वर बोलावलं तरी जायचो नाही, कारण गाऱ्हाणं लोकांकडून देवाकडे जातं, पुढाऱ्याकडून लोकांकडे नाही. डोक्याला टोपी, दाढी, गळ्यात पक्षाचा पट्टा आणि तोंडात गाऱ्हाणं. नवखा कुणी चमकलाच तर शेजारचा त्याला सांगायचा, "आमचा हाय तो." ह्या तीन शब्दांत माझं सगळं बसत होतं, गुरुजी. मला त्याहून जास्त कधी काही लागलं नाही.

ह्या वेळची सभा मोठी होती, रत्नागिरीच्या मैदानात. मुंबईहून बडे नेते येणार म्हणून सगळा कारभार मुंबईच्या पोरांच्या हातात. कानात बोंडं, हातात वॉकीटॉकी, दंड शर्टात मावत नाहीत. विरोधक सभेत घुसून गोंधळ घालणार अशी बातमी होती, आणि जो मधेच उठेल त्याच्यावर लक्ष ठेवा असं त्या पोरांना सांगितलेलं. ठीक आहे. माझ्यापुढच्या रांगेतला एक बागायतदार उठतो आणि हात उंचावून नेत्यांच्या नावानं घोषणा देतो. टाळ्या. त्यातलाच एक पोरगा हसून त्याचा फोटो काढतो. मग मी उठतो. "बा देवा महाराजाऽऽ, आज ही तुजी लेकरा हितं जमलीत..." लोकांचं "व्हय" तोंडातून निघायच्या आधी माझ्या दोन्ही बगलांत हात घुसतात. "ए, उचल ह्याला. हाच तो." मी म्हणतो, अरे बाबांनो, मी ह्याच पक्षाचा. गळ्यातला पट्टा दाखवतो. एक जण तो पट्टा हिसकावतो आणि दुसऱ्याला म्हणतो, "बघ, हे घालूनच घुसतात साले." म्हणजे पुढच्या बागायतदाराच्या गळ्यातला पट्टा ही त्याची निष्ठा आणि तोच पट्टा माझ्या गळ्यात आला की सोंग! पट्टे एकाच गठ्ठ्यातले होते. मीच सकाळी तो गठ्ठा सोडून वाटले होते.

आमच्या वाडीतली एक मासेवाली तेवढी उभी राहिली. "ओ, सोडा त्याला! आमचा हाय तो!" त्यांनी तिला "ताई, तुम्ही बसा" म्हणून खांद्यानं दाबून बसवलं. बाकीचे? ज्यांच्या घरी मी लग्नात पंगती वाढल्यात, ते सगळे एकाएकी व्यासपीठाची कमान न्याहाळायला लागले. कमानीत पाहण्यासारखं काही नव्हतं. फाटकावर पोलिसानं विचारलं, "कुठल्या संघटनेचा?" मी पक्षाचं नाव सांगितलं तर तो हसला आणि मला बांबूच्या पलीकडे, जनरेटरच्या गाडीशेजारी बसवून ठेवलं. तिथून भाषण स्वच्छ ऐकू येत होतं. नेते म्हणाले, "काही जण सभा उधळायला आले होते, आपण त्यांना त्यांची जागा दाखवली!" आणि टाळ्या पडल्या. गुरुजी, माझ्यासाठी टाळ्या पुष्कळ वेळा पडल्यात, पण मला बाहेर काढल्याबद्दल पडलेल्या टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. जरा वेळानं आत खरीच ओरड झाली. काळं फडकं दाखवणारे दोघे निघाले पाहुण्यांच्या खुर्च्यांवरून, कडक इस्त्रीचे कुर्ते, कपाळाला गंध. त्यांना मघाशी ह्याच पोरांनी पाण्याच्या बाटल्या नेऊन दिल्या होत्या. बाहेर आणताना त्यांना कुणी बगलेत धरलं नव्हतं. "चला दादा, चला" असं चाललं होतं. मला हसू आलं, खरंच आलं, आणि त्यामागून संताप आला.

दोन दिवसांनी तालुक्याचे अध्यक्ष घरी आले, पेढे घेऊन. "गैरसमज झाला रे. बाहेरची पोरं, त्यांना काय माहीत?" मी म्हटलं, बाहेरच्यांना माहीत नव्हतं, पण आतल्यांना तर माहीत होतं ना? त्यांनी पेढ्यांचा खोका माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "पुढच्या सभेला तुला खास पास देतो, गळ्यात घाल. आणि टोपी... म्हणजे तेवढ्यापुरती... बघ बाबा, तुझ्याच भल्यासाठी." मी विचारलं, तुमच्या गळ्यात कुठे आहे पास? पेढे परत दिले नाहीत. घरात पोरं आहेत, आणि पेढ्यांचा काय दोष! दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचे लोक हजर. कॅमेरा लावतो, झालं ते सांग, आमच्यात ये. त्यांनाही चहा पाजून वाटेला लावलं. रडका मुसलमान त्यांना हवा होता आणि बिनटोपीचा आमच्या लोकांना. मी आहे तसा कुणालाच नको होता, म्हणून मी आहे तसाच राहायचं ठरवलं. बायको म्हणाली, "आता जाव नका तिकडं. बस झाली ती सभा." मी तिला म्हटलं, मी नाही गेलो तर त्या पोरांचं म्हणणं खरं ठरेल, की हा इथला नव्हताच. पक्ष मला त्यांनी दिलेला नाही. त्यांचं मिसरूड फुटायच्या आधी मी भिंती रंगवल्यात. जायचं तर मी माझ्या मर्जीनं जाईन, बगलेत हात घालून नाही.

काल पावस गावात सभा होती. तीच पोरं होती. मी टोपी घालून, पट्टा घालून, पास न घेता गेलो आणि मधोमध सतरंजीवर बसलो. मासेवाली येऊन शेजारी बसली, म्हणाली, "आज माका बशिवतात तर बगू." पुढारी टेकले आणि मी उठलो. ताठ. त्यातला एक पोरगा दोन पावलं पुढे आला, अध्यक्षांनी त्याला हातानं थांबवलं. मी नेहमीचं सगळं मागितलं, पाऊस, पीक, पोराबाळांचं आरोग्य. मग न ठरवता तोंडातून आलं, "आन् कुनी आपल्याच मान्साला परका समाजला आसंल, तर त्येच्या डोळ्यावरचा पडदा काढ, रे महाराजाऽऽ!" मग "व्हय महाराजा" असं आलं की माडांवरचे कावळे उडाले. अध्यक्षांनाही म्हणावं लागलं. लोक येऊन पाठीवर थापा मारून गेले. घरी आलो तर बायकोच्या कानावर आधीच गेलं होतं. जेवताना माशाचा डोक्याकडचा तुकडा माझ्या ताटात आला.

सगळ्यांना मी सांगतोय, जिंकलो. जिंकलोच. हे पत्र मात्र कुणाला वाचून दाखवणार नाही, कारण एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगायची आहे. इतकी वर्षं मी गाऱ्हाणं डोळे मिटून घालत आलो. लोकांचा आवाज आला की पुरे, तो कुणाकुणाचा हे मला बघावंसं कधी वाटलं नाही. काल मी डोळे उघडे ठेवले होते, गुरुजी. मी तोंडं बघत होतो, कुणाचं हललं आणि कुणाचं नाही. सवय मोडायला हवी म्हणतो, पण आज सकाळी चहाच्या टपरीवरही मी तेच करत होतो.