भुजंगच्या दारावरची ‘विषमुक्त’ पाटी

प्रति,
मा. अण्णासाहेब, अध्यक्ष,
विषमुक्त परसबाग स्पर्धा समिती,
कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना.

अर्जदार: चतुराबाई मच्छिंद्र कंटुले
गैरअर्जदार: भुजंग कंटुले (अर्जदाराचा चुलतदीर व शेजारी)

विषय: गैरअर्जदाराच्या दारावरील ‘विषमुक्त’ पाटी उतरविणे, अथवा त्यास त्याचीच वांगी चारचौघांत खाऊ घालणेबाबत.
संदर्भ: अर्जदाराची तोंडी तक्रार, जी आपण हसण्यावारी नेली.

महोदय,

१) अर्जदार बाई घरामागे वांगी, मिरची, दोडके लावते. वांग्याचा शेंडा सुकला की आत अळी शिरली हे ओळखून ती तो रोज सकाळी खुडून चुलीत घालते. किडीचे पतंग अडकवणारा कामगंध सापळा टांगते, उन्हं उतरल्यावर निंबोळी अर्क फवारते. तरी चार वांगी किडतातच. परीक्षणाच्या दिवशी समितीने नेमके किडके वांगे चिरले, आत जिवंत अळी निघाली आणि अर्जदार बाद झाली. “आळी जगली म्हंजे माणूस बी जगंल,” असे ती तेव्हाच म्हणाली होती. ते कोणी कानावर घेतले नाही.

२) गैरअर्जदाराच्या वांग्यांना डागसुद्धा नव्हता. कसा असेल? कपाशीचे उरलेले औषध त्याने परीक्षणाच्या दोनच दिवस आधी तोंडाला उपरणे गुंडाळून त्यांच्यावर मारले. मारण्याआधी आपल्या कोंबड्या मात्र आठवणीने डालीखाली झाकल्या. अर्जदाराने हे भिंतीवरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. समितीला सांगितले, तर हा भाऊबंदकीचा जळफळाट ठरला. जळफळाट आहेच, अर्जदार तो नाकारत नाही.

३) बक्षीस गेल्याचे दुःख तिने गिळले असते. पण बक्षिसाची पाटी त्याच्या दारावर लागल्यापासून अख्खी गल्ली तिथूनच भाजी नेते. अर्जदाराची सून शालू सात महिन्यांची गरोदर आहे. तिला वांग्याचे डोहाळे लागल्याचे ऐकून गैरअर्जदाराची बायको झुंबरबाई हिने टोपलीभर वांगी आणून दिली. अर्जदार शेतातून आली तेव्हा शालू भरिताला फोडणी देत होती. अर्जदाराने भगुणे उचलले आणि उकिरड्यावर पालथे केले. शालू रडत म्हणाली, “आत्याबाई, पाटीवर सायबाची सही हाय ना?” ती सही आपली आहे.

४) पुराव्यादाखल: झुंबरबाई स्वतःच्या घरी खायला आठवडी बाजारातून वांगी विकत आणते. अर्जदाराने तिला तिथेच गाठून, बक्षिसाची वांगी सोडून इकडे कशी, असे विचारले. तिने तोंडाला पदर लावला आणि मेथीच्या जुड्या उलटसुलट करीत बसली.

५) सबब विनंती की, विजेत्याच्या सत्काराच्या दिवशी गैरअर्जदाराच्या झाडाची वांगी सर्वांसमोर तोडावीत. भरीत अर्जदार स्वतः करील, तेला-तिखटात हात आखडणार नाही. पहिला घास गैरअर्जदाराने घ्यावा. अर्जदारास कोणाला विष चारायचे नाही. तो घास उचलणारच नाही, याची तिला पक्की खात्री आहे. त्याने गावादेखत ताटावरून उठावे आणि तिने ते डोळे भरून पाहावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप. तो उठला की त्याच पावली पाटी उतरवावी.

समजा तो उठलाच नाही, तर आपणही उठू नये. त्याच्या शेजारचे पान अर्जदार आपल्यासाठी मांडणार आहे.

तूर्त नम्र,
चतुराबाई मच्छिंद्र कंटुले
कुंभार पिंपळगाव
दि. १८ डिसेंबर २०२४