पिशवीतलं पाणी

सोमवार, ४ मार्च

लेकाच्या घरी येऊन आज पहिला दिवस पुरा झाला. देवाच्या कृपेने प्रवास सुखाचा झाला, ट्रंकेतली एकही बरणी फुटली नाही. खोली लहान पण उजेडाची. खिडकीच्या फळीवर देव मांडले, दिवा लावला आणि मगच चहा घेतला. लेक म्हणाला, आई, आता काटकसर पुरे, चार घास स्वस्थ बसून खा. म्हटलं, बसून खाल्लेलं अंगी लागत नाही. संध्याकाळपर्यंत सूनबाईच्या सगळ्या डब्यांना आपापली झाकणं मिळवून दिली.

नात सात वर्षांची. बापाने तिचं नाव टिटवी ठेवलंय, कारण तोंडाला विसावा नाही. घास गालात ठेवून बोलते आणि बोलता बोलता माझ्याही ताटातलं संपवते.

बैठकीत पलंगाएवढी काचेची टाकी आहे. आत खारं पाणी, खडक आणि रंगीत मासे. सूनबाईचा सगळा जीव त्यात. ऑफिसातून आली की चपला काढायच्या आधी तिकडे बघते.

बुधवार, ६ मार्च

सूनबाई शुक्रवारपासून आठवडाभर कामानिमित्त बाहेरगावी जायची आहे. टाकी माझ्यावर सोपवली. म्हणाली, आई, तुमच्या हाताला नेम आहे, यांच्या भरवशावर ठेवलं तर मासे आधी संन्यास घेतील. बरं वाटलं. या घरात मी नुसती पाहुणी नाही, असं वाटलं.

तिने सगळं समजावलं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून काचेवर काढलेल्या रेघेपर्यंत रोज सकाळी गोडं पाणी घालायचं. शनिवारी दुकानातून एक पिवळा मासा यायचा आहे. तो थेट मोठ्या टाकीत सोडायचा नाही. त्याच्यासाठी न्हाणीघराशेजारी छोटी वेगळी टाकी लावली आहे, तिथे त्याने महिनाभर एकटं राहायचं, म्हणजे रोगराई असली तर कळेल. आधी बंद पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायची, मग बारीक नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी पिशवीत सोडायचं, मग मासा जाळीने उचलून घ्यायचा. पिशवीतलं पाणी मोरीत ओतायचं. हे तिने पुन्हा सांगितलं. ते पाणी कुठल्याच टाकीत जाता कामा नये.

लेक मागून म्हणाला, आई भाजीत मीठ चिमटीने मोजते, समुद्र काय सांभाळेल. सूनबाई म्हणाली, म्हणूनच सांभाळतील.

शनिवार, ९ मार्च

मासा आला. बोटाएवढा. दुकानातला माणूस म्हणाला, आजी, फार खोल पाण्यातला आहे, लवकर सोडा. पिशवी जड होती.

न्हाणीघराशेजारी गेले तर बोटाएवढ्या जिवासाठी एक पाणी तापवायचं यंत्र, एक हवेचं, एक दिवा. महिनाभर चालणार, रात्रंदिवस. आणि हे एवढं विकतचं खारं पाणी मोरीत ओतायचं. माझा हात वळेना. आमच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा झाडांना जायचं. म्हटलं, समुद्र तो समुद्र. पिशवी मोठ्या टाकीवर नेली आणि माशासकट सगळं पाणी आत ओतलं. छोटी टाकी बंद केली.

कामाला येणाऱ्या मावशी फडकं घेऊन मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, वहिनींनी तर वेगळं ठेवायला सांगितलं होतं ना. मी म्हटलं, मला कळतं.

सोमवार, ११ मार्च

रेघेखाली पाणी उतरलंच नाही. काल नाही, आज नाही. दोन तांबे वाचले म्हणून सकाळी बरं वाटलं. मग नीट वाकून पाहिलं तर पाणी रेघेच्या वर आहे.

मासे सगळे आहेत, पिवळाही आहे. पण टाकलेलं खाणं तळाशी तसंच पडून राहतं.

मंगळवार, १२ मार्च

मावशी म्हणाल्या, आजी, हे सगळे तुमच्याकडेच का बघतायत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही लादी बघा. पण खरं होतं. मी देवापुढे बसले की सगळे त्या बाजूच्या काचेशी येऊन थांबतात. शेपटीसुद्धा हलवत नाहीत.

दुपारी जाळी घातली. म्हटलं, पिवळा काढून वेगळा ठेवावा, झालं गेलं गंगेला मिळालं. मासा जाळीत आला. जाळी वर उचलली आणि तो जाळीतून गळून गेला. थेंब थेंब. खाली पाण्यात पडून पुन्हा मासा झाला.

मावशींनी पाहिलं. त्या पुसायच्या थांबल्या. म्हणाल्या, वहिनी आल्या की सांगू या. सांगू या म्हणाल्या, सांगते नाही. मला सांभाळूनच घेत होत्या.

गुरुवार, १४ मार्च

सूनबाईचा फोन आला होता. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं ना, असं विचारलं. हो म्हटलं. माळ हातातच होती.

शुक्रवार, १५ मार्च

सूनबाई आली. छोटी टाकी बंद दिसली, पिवळा मोठ्या टाकीत दिसला. कोणी सोडला, असं विचारलं. आवाज चढवला नाही, पण चेहरा पडला. मावशी मोरीशी उभ्या होत्या. त्या तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हटलं, मी देवापुढे होते, यांनी सोडला.

कसं निघालं तोंडातून, देव जाणे. देवालाच ठाऊक, त्याच्यापुढेच तर बसल्याचं सांगितलं मी.

मावशींनी हातातलं फडकं पिळून वाळत घातलं. माझ्याच वयाच्या आहेत त्या. सूनबाईने उद्यापासून येऊ नका म्हटल्यावर पदर खोचून चपला घातल्या. दारात मला एवढंच म्हणाल्या, पोर त्या पाण्यात हात घालते, तेवढं बघा.

शनिवार, १६ मार्च

जप होत नाही. जीभ टाळ्याला चिकटते. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात आणि मी आल्या घरी दुसऱ्याची भाकरी काढून घेतली.

दुपारी बैठकीत आले तर टिटवी स्टुलावर. हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि सगळे मासे त्या हाताला लागलेले. ओढून काढली. ती हसली.

हात कोरडा होता.

रविवार, १७ मार्च

टिटवी आज बोलली नाही. जेवायला बसली, ताट भरलेलं तसंच. ताप नाही. सूनबाई म्हणाली, चला, एकदाची शांत बसायला शिकली. लेक म्हणाला, टिटवीचं कासव झालं.

ती माझ्या दाराकडे तोंड करून बसते. तिची उशी ओली होती. वाळत घातली. बोट जिभेला लावून पाहिलं— खारट.

सोमवार, १८ मार्च

आज सांगायचंच ठरवलं. ओट्याशी गेले. सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही होतात म्हणून घर निभावलं. मी वाटाणे सोलून परत आले.

पाणी मुळी ओतलंच का, हे सांगावं लागेल. मग मावशींचं. मग फोनवरचं. एक धागा ओढला की सगळं— आणि मग मी या घरात कोण.

पोरीपेक्षा मला माझी लाज मोठी झाली. हे लिहून पुन्हा वाचलं, खरं आहे.

मंगळवार, १९ मार्च

टिटवीचा हात हातात घेतला. धरून ठेवायचा म्हणून. माझी बोटं आत— जाळीसारखंच— मग पुन्हा हात झाला. ती बघत राहिली.

ही टिटवी नाही. मग माझी टिटवी कुठे— टाकीत पाहिलं. पाणी आज बरोबर रेघेवर. कमी झालंय. गेलं कुठे ते.

बुधवार, २० मार्च

सांगितलं. सगळं. पिशवी, यंत्रं, जाळी, मावशींवर घातलेलं बालंट. सूनबाईचे पाय धरले. म्हटलं, मला हाकल, पण पोरीला बघ, मावशींना बोलाव.

तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. रडली नाही. मला वाटलं, केवढं मोठं मन—

मग सूनबाईचं ताट दिसलं. सकाळचं. भरलेलं. काल रात्री ती टिटवीला कुशीत घेऊन निजली होती.

हाताखाली तिची पावलं गार होती आणि लादी ओली—

गुरुवार, २१ मार्च

दोघी माझ्या दाराशी बसल्या आहेत. आत येत नाहीत. यायची गरज नाही म्हणून—

क्षमा मागायला उशीर केला. ज्यांची मागायची ती माणसंच—

लेक संध्याकाळी येईल. दोन दिवस कामासाठी बाहेरगावी आहे, त्याला काही माहीत नाही. आला की सगळ्यांच्या आधी माझ्या खोलीत येतो, हात हातात घेऊन विचारतो, आई, जेवलीस का.

जेवले नाही. कालपासून. भूकच नाही—

पान ओलं होतंय. छत कोरडं आहे. माझ्या मनगटाखालून—

जिन्यावर पावलं. तोंडातून आवाज निघत नाही, म्हणून लिहिते, पान दाराखालून सरकवीन, बाळा, आत येऊ नकोस, आणि आलास तर मला हात ला—