दोन्ही टोकं उत्तरेची

प्रिय ताई,

तुला फोन लावला की बाबा मागे येऊन उभे राहतात, "मला दे, मला दे" म्हणत. तुझ्याशी बोलताना त्यांचा आवाज इतका खणखणीत असतो की तुला वाटावं, घरी सगळं ठीक आहे. म्हणून लिहिते आहे. बाबांच्या कामात काहीतरी बिघडलं आहे, आणि ते सांगायला आधी माझ्या फिजिक्सच्या गाडीचं सांगावं लागेल. तू म्हणशील, शंकासुरीने पुन्हा सुतावरून स्वर्ग गाठला. या वेळी तसं असतं तर किती बरं झालं असतं.

वर्गात प्रत्येकाला विद्युतचुंबकावर चालणारी छोटी गाडी करायची होती. विकतची मोटर लावायची नाही, चुंबक स्वतः गुंडाळायचा, आणि गाडी प्रयोगशाळेच्या टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली पाहिजे. घरच्यांची मदत घेतलीत तर मला कळेल, असं सर म्हणाले आणि म्हणताना माझ्याकडेच बघत होते. मोटरी बांधणाऱ्याची मुलगी ना मी. मी ठरवलंच होतं, बाबांना हात लावू द्यायचा नाही. चाकाभोवती लोखंडी पट्ट्या बसवल्या. आसावर पत्र्याची कळ केली: पट्टी चुंबकाजवळ येताना प्रवाह सुरू, समोर आली की बंद. मग घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला गज घेऊन त्याच्या एका पायावर तार गुंडाळली. दुसऱ्या पायाला सुरुवात करणार तोच बाबा दुकानातून आले. "हे काय गोधडी शिवल्यासारखं? आण इकडे. माझं पोट चालतं यावर." माझे सगळे वेढे उलगडून त्यांनी दोन्ही पाय स्वतः गुंडाळून दिले. काय देखणी गुंडाळी होती, ताई. वेढ्याला वेढा चिकटलेला, मध्ये नख शिरणार नाही. मी त्यांना थांबवलं नाही. सरांना काय सांगायचं, एवढीच धाकधूक.

गाडी हललीच नाही. मी सेल बदलले, तारेची टोकं खरवडून पुन्हा जोडली, आस घासला, चाकं हलकी केली, पत्र्याची कळ नवी केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं चाललं होतं. बाबांची गुंडाळी तपासायचं मनातच येईना. शेवटी शाळेतलं होकायंत्र मागून आणलं आणि नालेच्या एकेका टोकाशी धरलं. दोन्ही टोकांनी सुईचं लाल टोक दूर ढकललं. दोन्ही टोकं उत्तरेची.

तुला आठवत असेल, आपण दोघी एकच्या आधी आठ शिकलो. बाबा दुकानातल्या बाकावर बसवायचे, आपल्या दोन बोटांवरून तार फिरवायचे आणि म्हणायचे, एका पायावरून दुसऱ्यावर जाताना आठचा आकडा झाला पाहिजे, नाहीतर दोघं भांडत बसतात आणि काम कुणीच करत नाही. शाळेत घालण्याआधी त्यांनी शिकवलेली ही पहिली गोष्ट. तीच ते चुकले होते. घाईत नाही, शांतपणे, शीळ घालत.

ते दुकानात असताना मी एक पाय उलगडून उलटा गुंडाळला. गाडी धावली. बाबांनी टाळी वाजवली, "बघ, हात कुणाचे आहेत." शाळेत सरांनी विचारलं, सगळं तूच केलंस? मी हो म्हणाले, आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं. खरं बोलून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर मी शाळा सुटली की सरळ दुकानात जाऊ लागले. तयार झालेली प्रत्येक मोटर गिऱ्हाईक यायच्या आत, बाबा चहाला गेले की उघडून बघायचे. बहुतेक सगळ्या ठीक असत. एखादीत स्क्रू सैल, एखादीत जोड उलटे. पीठ मळायच्या मिक्सरच्या मोटरीत अर्थिंगची वायर आत नुसतीच लोंबत होती. मी ती जोडायचे आणि झाकण लावून टाकायचे. एकदा त्यांनी पाहिलं. "कोंबडी अंड्यांवर बसते तशी काय बसतेस मोटरींवर?" त्यांना सांगायला मी तोंड उघडायचे, आणि ते इतके खुशीत असायचे की मी ताकास तूर लागू द्यायचे नाही.

मग माझी परीक्षा लागली. त्या आठवड्यात लाँड्रीच्या मावशींच्या मशीनची मोटर मी न बघता गेली. आई आजारी असताना आपल्या वेण्या घालायच्या त्याच मावशी. ओले हात मशीनला लागले आणि त्या चिकटून राहिल्या. त्यांच्या मुलाने लाकडी फळीने ढकललं म्हणून जीव वाचला. उजवा हात भाजला आहे. दोन बोटं वाचतील की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत.

मुलगा मोटर परत घेऊन आला. मी तिथेच होते. बाबांनी झाकण काढलं, आत बघितलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "कुठल्या गाढवाने बांधली ही? अर्थिंगच जोडलेलं नाही. अशा माणसाला दुकानात उभं करू नये." ते नाटक करत नव्हते, ताई. त्यांना खरोखर माहीत नव्हतं. मावशींचा मुलगा त्यांच्याकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. तो तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणाले, "मी बांधली."

बाबांनी हातातलं झाकण खाली ठेवलं. मग त्या मुलापुढे हात जोडून म्हणाले, "पोर आहे. माझं लक्ष नव्हतं." आपल्या बाबांना हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मावशींना भेटायला गेले तर त्यांनी डाव्या हाताने माझा गाल कुरवाळला आणि म्हणाल्या, जाऊ दे गं, शिकताना चुकतंच.

आता बाबांनी मला दुकानात पाऊल टाकायची बंदी केली आहे. माझ्याशी धड बोलतही नाहीत. मी हे त्यांना वाचवायला केलं आणि त्यामुळे आता त्यांच्या मोटरी बघणारं कुणीच उरलं नाही. बालवाडीच्या पंपाची मोटर त्यांनी बांधून ठेवली आहे. तिथल्या बाईंना मी परस्पर सांगून आले की ती झालेली नाही, शनिवारी या. त्या शनिवारी नक्की येतील. म्हणून तू त्याआधी ये, ताई. चार वर्षं त्यांच्या शेजारी बसून तू काम केलंस, तुझ्यासमोर ते मोटर उघडतील. त्यांना डॉक्टरकडे ने, दुकानाची किल्ली घे, मावशींना खरं सांग. मी सांगायला हवं, हे मला कळतं. पण त्या दिवसापासून ते माझ्यावर रागावले आहेत, आणि रागावलेले असले की अगदी पूर्वीसारखे दिसतात. ते माझ्याच्याने मोडवत नाही.

तुझीच,
शंकासुरी